वरून पाहिलेली छत्री

मी फार बोलत नाही, म्हणून मला राग येत नाही असा सगळ्यांचा समज आहे. घरी, शाळेत, आता ऑफिसातही. शाळेत बाई "एनी डाउट्स?" विचारायच्या आणि माझ्या बाकावरून नजर तशीच पुढे न्यायच्या. मला डाउट्स असायचे. राग तर नेहमीच असायचा. तो मी घरी आणायचे, डब्याबरोबर घासायचे आणि पालथा घालून ठेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका छत्रीवरून आलेला राग मात्र तसा ठेवता आला नाही. छत्री काळी, साधी, आणि माझी नव्हे. ती कुठल्या देशातल्या कुठल्या गावातली हेही मला ठाऊक नाही. मी ती फक्त वरून पाहिली आहे, इतक्या वरून की तिथे पक्षी जात नाहीत.

हे मराठीत लिहिते आहे, कारण ऑफिसातलं कुणी मराठी वाचत नाही. तंजावरात आमच्यासारखी मराठी घरं अजून आहेत, पण देवनागरी वाचणारे थोडे. मला ती शाळेतल्या हिंदीमुळे येते. आमचं घरचं बोलणं पुस्तकातल्यासारखं नसतं. त्यात तमिळ मिसळलेलं असतं आणि वाक्याचं शेपूट वर चढतं. इथे मी ते जरा सरळ करून लिहिते. आईला हे वाचता येणार नाही. मामाला येईल, पण तो वाचणार नाही.

नोकरी अशी. एका साड्यांच्या दुकानाच्या वर लांबट खोली, तिच्यात रांगेने कॉम्प्युटर, त्यांच्यापुढे बहुतेक मुलीच. कुणी ओरत्तनाडूहून बसने येते, कुणी पापनाशमहून पॅसेंजरने. दाराशी प्लास्टिकचा ट्रे, त्यात आपापले फोन ठेवून आत जायचं. खिडक्यांना जाड पडदे. स्क्रीनवर वरून काढलेली चित्रं एकामागून एक येतात. त्यांतल्या प्रत्येक वस्तूभोवती माउसने रेघ ओढायची आणि यादीतून तिचं नाव निवडायचं. घर. वाहन. जनावर. माणूस. अशी नावं लावलेली चित्रं खूप दाखवली की यंत्र ती ओळखायला शिकतं. म्हणजे आम्ही यंत्राच्या बालवाडीतल्या बाई. इंटरव्ह्यूत आम्हाला सांगितलं होतं की हा शेतीचा सर्वे आहे आणि चित्रं उपग्रहाची आहेत.

आम्ही सगळ्या कावेरीच्या पाण्यावर वाढलेल्या मुली. शेत दिसलं असतं तर आम्हाला कळलं असतं. त्या चित्रांत राखाडी डोंगर होते, एक बारीक ओढा, ओढ्याच्या दोन्ही काठांना झाडांची एकेक रांग, आणि दगडी भिंतींची, सपाट छपरांची घरं. शेतं होती, पण रुमालाएवढी. एवढ्याशा शेतांचा सर्वे कोण करतं, तोही रोज, हे मी विचारलं नाही. मी विचारत नाही.

कामात मी चांगली होते. सर्वांत अवघड असतं ते माणूस ओळखणं. वरून पाहिलं तर माणूस म्हणजे एक ठिपका. दगडही ठिपका, बकरीही ठिपका. पण सकाळी आणि दुपार कलल्यावर सावल्या लांब पडतात, आणि सावली खोटं सांगत नाही. बकरीची सावली आडवी. माणसाची उभी, तिला दोन पाय. बाईची खाली पसरट, घंटेसारखी. नव्या मुलींना मी एवढंच शिकवत असे: माणसाकडे बघू नका, त्याच्या सावलीकडे बघा.

गावाच्या वरच्या टोकाला एक घर होतं. त्याच्या छपरावर रोज एक फिकट कापड पसरलेलं असे, चारी कोपऱ्यांवर दगड, आणि कापडावर ओळीने मांडलेले बारीक गोल ठिपके. घंटेसारखी सावली सकाळी ते मांडताना दिसे. दुपारी तीच सावली वाकून एकेका ओळीवरून सरकत असे. संध्याकाळच्या आत कापड गायब.

माझ्या शेजारी पापनाशमची मुलगी बसते. तिनेच ते पहिल्यांदा पाहिलं. "अक्का," ती तमिळमध्ये म्हणाली, "इकडे ये. यांच्याकडेही वडाम घातलेत."

आजूबाजूच्या मुली खुर्च्या सरकवत आल्या.

"खरंच ग. ओळी तर बघ किती सरळ. आमच्या अम्माच्या ओळी बसच्या रांगेसारख्या असतात."

"दुपारी उलटतेय बघ. नीटनेटक्या घरची बाई आहे."

"सासू असणार. सून असती तर झोपली असती."

वडाम म्हणजे तांदळाचं पीठ हिरवी मिरची, हिंग, मीठ घालून शिजवायचं आणि चित्तिरैच्या, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या, उन्हात कापडावर चमच्याने घालून कडकडीत वाळवायचं. महाराष्ट्रातले लोक कुरडया-पापड्या करतात त्यातलाच प्रकार. आमच्याकडे त्या दिवसांत एकही गच्ची रिकामी नसते. तेव्हा छपरावर ओळीने मांडलेलं, दुपारी उलटलेलं आणि संध्याकाळी आत नेलेलं काही दिसलं तर ते काय आहे यावर तंजावरच्या खोलीत वाद व्हायचं कारणच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी यादीतून "डोमेस्टिक" निवडलं. घरगुती.

आता मला वाटतं, ते वडाम नसणार. त्या थंड कोरड्या डोंगरात तांदूळ कुठला? जर्दाळू असतील, असं मी नंतर कुठेतरी वाचलं. ते तसेच छपरांवर फोडून वाळवतात. मी जर्दाळू कधी झाडावर पाहिलेला नाही. म्हणजे आमचं चुकलं होतं, पण किती चुकलं होतं? एका बाईच्या खाण्याच्या वस्तूला आम्ही दुसऱ्या बाईच्या खाण्याची वस्तू समजलो होतो. एवढीच चूक.

त्या कापडाच्या कोपऱ्याशी एक काळं वर्तुळ असे. ती छत्री. मला तेव्हा क्षणभरही विचार करावा लागला नाही. वडाम घातले की आई मामाची जुनी काळी छत्री उघडून कापडाच्या कडेला ठेवते आणि तिच्या दांड्यावर वीट ठेवते. काळं आणि पसरलेलं काही दिसलं की कावळे जवळ येत नाहीत. वडाम राखायला बसलेल्या माणसाला तीच सावली. आमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर त्या दिवसांत एक तरी छत्री अशी बसलेली असते.

चित्रांच्या खालच्या बाजूला नेहमी एक काळी पट्टी असे, काहीतरी झाकलेलं. एके दिवशी एका गठ्ठ्यात ती पट्टी लावायची राहून गेली. खाली आकडे होते: उंची, दिशा, वेळ. उंचीचा आकडा मी दोनदा वाचला. चेन्नैहून दिल्लीला जाताना पायलटने सांगितलेल्या उंचीपेक्षा तो खूप मोठा होता, पण उपग्रहापेक्षा खूपच लहान. आणि वेळ थांबतच नव्हती. सकाळ, दुपार, रात्रीची करडी चित्रं, परत सकाळ, परत दुपार, तेच डोंगर, तेच घिरट्या घालणं. काही वेळाने गठ्ठा स्क्रीनवरून नाहीसा झाला आणि आमचे सार, म्हणजे आम्हा सगळ्यांना मा म्हणणारे मॅनेजर, पंख्याखाली उभं राहून म्हणाले, "टेक्निकल प्रॉब्लेम मा, चहा पिऊन या सगळ्या."

माझा मामा आयुष्यभर उत्तरेत विमानांच्या देखभालीत होता. आता परत येऊन आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतो आणि संध्याकाळची कॉफी आईच्या हातची पितो. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मामा, विमान दीड दिवस खाली न उतरता राहतं का?"

"माणूस आत असला तर नाही राहत. माणसाला लघवी लागते."

"अण्णा, कॉफी पिताना हे काय बोलणं?" आई म्हणाली.

"शास्त्र सांगतोय. आत माणूसच नसला तर राहतं. प्रवासी विमानं जातात त्याच्याही वर. पंख हे एवढे लांब, वजन काही नाही. चालवणारा कुठेतरी खोलीत बसलेला असतो, तुझ्यासारखा, खुर्चीवर. खालच्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही. हा," त्याने पेल्यावर तळहात धरला, "असा वर बसून राहतो."

"कशाला?"

"टेहळणी. शत्रू काय करतो ते पाहायला."

"आणि तो शत्रू आहे हे आधीच ठरलेलं असतं?"

मामाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी इतकी वाक्यं सलग बोलले की तो तसा पाहतो. "पाहतात, मग ठरवतात," तो म्हणाला.

"काय ठरवतात?"

"साखर कमी आहे," मामा आईला म्हणाला.

मग त्याला कळलंच. त्याने मांडीवर थाप मारली. "म्हणजे तुमच्या त्या साडीच्या दुकानावर हे काम आलंय होय? अग, सांगायचं की नाही? आपले पूर्वज घोड्यावर बसून टेहळणी करत इथवर आले. तू खुर्चीवर बसून कर. रक्तातच आहे ते. इतके दिवस मला वाटत होतं तू तिथे चित्रं रंगवतेस."

आई म्हणाली, "देशाचं काम आहे तर पगार वाढवून मागायला हवा." दोघं हसले.

मी पेले उचलून आत नेले. मला कुणाच्याही सैन्याविषयी तेव्हा काही म्हणायचं नव्हतं, आजही फारसं नाही. सीमेवर पहारा लागतो हे मला कळतं. ते गाव सीमेच्या कुठल्या बाजूचं, पाहणारे आपले की दुसऱ्या कुणाचे, हे आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि माझा राग त्यावर अवलंबूनही नाही. मला राग आला तो शेतीचा सर्वे या शब्दांचा. आम्हाला खरं सांगायचीसुद्धा गरज कुणाला वाटली नाही. आणि मामाचा. तो खोटं बोलत नव्हता. तो साखरेविषयी बोलत होता.

पुढच्या आठवड्यात नियम बदलले. वरून आलेल्या मेलमध्ये लिहिलं होतं की छपरावर ओळीत मांडलेल्या वस्तू वारंवार दिसल्या तर त्यांना "डोमेस्टिक" म्हणू नये. त्यांना "अनएक्सप्लेन्ड" म्हणावं. उलगडा न झालेलं. आणि त्या घराच्या सगळ्या चित्रांवर रिव्ह्यूअरने, जो दुसऱ्या कुठल्यातरी शहरात बसतो आणि ज्याला आम्ही कधी पाहिलेलं नाही, काळ्या वर्तुळाभोवती स्वतः रेघ ओढून लिहिलं होतं: "डिश."

छत्री वरून डिशसारखी, म्हणजे सिग्नल पकडायच्या अँटेनासारखी दिसते, हे मला मान्य आहे. गोल, मधोमध टोक, बाजूला सावली. म्हणून तर विचारायचं असतं. आणि मी एक गोष्ट लक्षात ठेवली होती, जी आमच्या खोलीत दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नव्हती: ज्या घरावर "अनएक्सप्लेन्ड" पडतं, त्या घराची चित्रं पुढच्या गठ्ठ्यात जास्त येतात, आणि जवळून येतात. आधीच्या महिन्यात एका गोठ्यावर ते लेबल पडलं होतं. मग गोठ्याचीच चित्रं येत राहिली, अगदी दारापर्यंतची. मग एके दिवशी त्या बाजूची चित्रं येणंच थांबलं. का थांबलं ते कळायची सोय नव्हती. पाहतात, मग ठरवतात.

आता त्या बाईच्या छपराची चित्रं जास्त येऊ लागली होती. दगड ओळखू येत होते. ती वाकून ओळी उलटत होती, आणि तिला माहीत नव्हतं की तिच्या छत्रीचं नाव बदललं आहे.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये "क्वेरी" म्हणून एक खिडकी आहे. काही शंका असेल तर तिथे लिहायचं, रिव्ह्यूअर उत्तर देतो. मी ती कधी वापरली नव्हती. तिथे मी इंग्रजीत लिहिलं, फार सभ्यपणे, शाळेत शिकवलं होतं तसं: ही वस्तू कापडाबरोबरच येते आणि कापडाबरोबरच जाते. एका वाऱ्याच्या दिवशी ती उलटून दुसऱ्या कोपऱ्यात पडली होती आणि तिच्या काड्या कोळ्याच्या पायांसारख्या वर आल्या होत्या. ती फ्रेम कृपया पाहावी. डिश वाऱ्याने उडून उलटी होत नाही. मला वाटतं ही छत्री आहे.

उत्तर आलं: "यादीत छत्री नाही."

हे वाक्य मी जेवताना, बसमध्ये, केस विंचरताना मनात म्हणत राहिले. यादीत छत्री नाही. म्हणून जगात छत्री नाही.

रविवारी आईने वडाम घातले. आमच्या गच्चीवर, म्हणजे घरात आम्ही माडीच म्हणतो, कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे. मी तिच्या लोखंडी शिडीवरून वर चढले आणि फोन धरलेला हात जमेल तितका बाहेर काढला.

"काय करतेस ग वर?" आई खालून ओरडली. तिच्या हाताला कोपरापर्यंत पीठ होतं. "उतर आधी. पाय मोडला तर कोण बघायला येईल तुला?"

"आई, वर बघू नकोस."

"मग कुठे बघू?"

"वडामांकडे. रोजच्यासारखी वाक."

"रोजच्यासारखी वाकायला मी नाटकात आहे का?" पण ती वाकली. तिला फोटो आवडतात. साडीचा पदर तिने कमरेला खोचला, ओळ सरळ केली, आणि मी फोटो काढला: आई, कापड, विटेने दाबलेली छत्री, तिची सावली, आईची सावली. सावली खाली पसरट, घंटेसारखी. मी टाकीवर बसून तो फोटो बराच वेळ पाहिला. ती तीच बाई होती.

सोमवारी मी तो ऑफिसच्या मेलवर घेतला, रंग काढून करडा केला, चित्रांच्या मापाचा केला, कारण क्वेरीच्या खिडकीत दुसऱ्या मापाचं काही बसत नाही. खाली लिहिलं: तुलनेसाठी. घराच्या गच्चीवर वाळवण आणि छत्री, वरून पाहिल्यास.

संध्याकाळी उत्तर होतं. माझ्या आईच्या गच्चीवर रिव्ह्यूअरने लाल रेघ ओढली होती. कापडाभोवती: "अनएक्सप्लेन्ड." छत्रीभोवती: "डिश." आणि खाली: "आधीच्या फ्रेम्सप्रमाणेच. हे आता सर्वांनी लक्षात ठेवावे."

त्याने खालची ओळ वाचलीच नव्हती. त्याच्यासमोर एक छप्पर आलं, त्याने त्याला नाव दिलं, पुढचं छप्पर.

मला आधी हसू आलं. मग मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. पापनाशमच्या मुलीने विचारलं, "अक्का, थंडी वाजतेय का? एसी कमी करू?" मी उठले आणि सारांच्या टेबलाशी गेले. माझ्या पायांनीच मला नेलं. मी ठरवलं नव्हतं.

"सार, एक फ्रेम बघा."

ते चष्मा वर करून आले. "हं. डिश. बरोबर आहे की."

"ही आमची माडी आहे."

"कुठली?"

"ही. मेडिकल कॉलेज रोडच्या मागची. ती माझी आई."

सार खाली वाकले. बराच वेळ त्यांना कळेना. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अम्मा वडाम घालतायत? साबुदाण्याचे?"

"तांदळाचे."

"आमच्या घरी यंदा घातलेच नाहीत मा. तळून थोडे आणलेस तर..." आणि मग त्यांचा आवाज बदलला. "हे तू सिस्टिममध्ये टाकलंस?"

"छत्री कशी दिसते ते दाखवायला."

"घरचा फोटो? तुला कळतं का ही केवढी मोठी गोष्ट आहे? क्लायंटला कळलं तर ऑफिस बंद होईल."

"सार, त्याने माझ्या आईच्या छत्रीला डिश म्हटलंय. म्हणजे त्या बाईच्या छत्रीलाही तसंच म्हटलंय. ते लेबल काढायला सांगा."

"कोणती बाई?"

मी तिच्या छपराचं चित्र काढून दाखवलं. ते त्यांनी माझ्या आईच्या चित्रापेक्षा खूप कमी वेळ पाहिलं. "हे आपलं काम नाही मा. आपण नाव लावतो. पुढे काय करायचं ते त्यांचं."

"पण नाव चुकीचं आहे."

"त्यांनी बरोबर म्हटलं की बरोबर."

"मग माझा फोटो तरी काढून टाका."

ते थोडे ओशाळले. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. "निघत नाही ते," ते म्हणाले. "रिव्ह्यू झालेलं सगळं शिकवायच्या सेटमध्ये जातं. गेलं असेल आता."

म्हणजे मी यंत्राला छत्री दाखवायला गेले, आणि यंत्र माझ्या आईवरून शिकलं की अशा छपरावर असं वाकणारी बाई संशयाची असते. पुढे कुठेही, कुठल्याही डोंगरात, कुठलीही छत्री त्याला जरा जास्त खात्रीने डिश वाटेल. त्या खात्रीत आमची टाकी होती, आमची वीट होती, आईने फोटोसाठी सरळ केलेली ओळ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडल्यावर मी बोलले. जेवणाच्या खोलीत मी नेहमी भिंतीकडे तोंड करून बसते. त्या दिवशी खुर्ची फिरवली. सगळं सांगितलं: शेतीचा सर्वे नाही, उपग्रह नाही, वर एक बिनमाणसाचं विमान आहे, गोठ्याची चित्रं कशी थांबली, छपरावर काय आहे, माझ्या आईच्या छत्रीला काय म्हटलं. माझा आवाज मधेच चिरकला. कुणी हसलं नाही.

ओरत्तनाडूची एक मुलगी, जी माझ्याहून कमी बोलते, म्हणाली, "ते शत्रू असले तर, अक्का?"

"असतील. पण छत्री छत्रीच आहे ना?"

"हो. ती छत्रीच आहे."

पापनाशमच्या मुलीने बोट चाटलं. "मी तर आजही डोमेस्टिकच लावलंय. माझ्या डोळ्यांना जे दिसतं ते लावणार. काय करतील? मला वरून बघतील?"

आमच्या कामात एक पद्धत आहे. एकच चित्र वेगवेगळ्या मुलींकडे जातं, कुणाचं कुणाला दिसत नाही, आणि सगळ्यांची नावं जुळली तर ते पक्कं धरतात. त्या आठवड्यात ते छप्पर आमच्या खोलीत फिरत राहिलं. ज्या मुलीकडे गेलं तिने "डोमेस्टिक" लावलं. कुणी कुणाला परत काही सांगितलं नाही. नुसतं चहाला उठताना एखादी माझ्या खुर्चीच्या पाठीवर बोट आपटून जायची, आणि मला कळायचं की तिच्याकडेही येऊन गेलं.

शुक्रवारी मेल आला. सारांनी तो वाचून दाखवला नाही. पण त्यांची स्क्रीन मोठी आहे. लिहिलं होतं की या केंद्रावरील सर्वांची उत्तरं एका प्रकारच्या वस्तूबाबत सारखीच चुकत आहेत, हा स्थानिक पूर्वग्रह असावा, तरी हे काम दुसऱ्या केंद्राकडे देण्यात येत आहे. सगळ्यांचं जुळलं की बरोबर, हा त्यांचाच नियम. आमचं जुळलं तेव्हा तो पूर्वग्रह झाला.

संध्याकाळी मी दारातल्या ट्रेमधून फोन घेताना सारांना विचारलं, "त्या छपरावर शेवटी कोणतं लेबल गेलं?"

"रिव्ह्यूअरचं जातं मा नेहमी. सोड आता."

"आणि त्या घराचं?"

"घराचं काय? नुसतं छप्पर होतं ते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मला कसं कळणार? मलाही तेवढंच दिसतं जेवढं तुला."

ते खरं होतं, आणि त्याचाच मला आजपर्यंत सर्वांत जास्त राग आहे. इतकं वर जाऊन, इतका वेळ टक लावून, इतक्या जणांच्या डोळ्यांतून पाहून शेवटी कुणालाच काही माहीत नाही. मामाला नाही, सारांना नाही, रिव्ह्यूअरला तर नाहीच. दुसऱ्या कुठल्यातरी गावातल्या खोलीत आता दुसऱ्या मुली असतील. त्यांच्याकडे वाळवणं घालत असतील की नाही? त्यांच्या आया छत्री कुठे ठेवतात?

आम्हाला नवीन काम मिळालं. आता आम्ही ऑनलाइन विकायच्या चपलांभोवती रेघा ओढतो. चपलांच्या यादीत सगळ्या प्रकारच्या चपला आहेत.

परवा आईने यंदाचे वडाम घातले. कापड पसरून, कोपऱ्यांवर दगड ठेवून झाल्यावर तिने मला छत्री आणायला सांगितलं. मी आणली आणि मिटलेलीच हातात धरून उभी राहिले.

"उघड की. कावळे वाट बघत बसलेत."

"राहू दे छत्री. मीच बसते राखायला."

"तू? कावळा आला तर तू त्याला सॉरी म्हणशील." आईने माझ्या हातून छत्री ओढून घेतली, फाडकन उघडली, कडेला ठेवली आणि दांड्यावर वीट ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. "वर काय बघतेस मघापासून?"

"काही नाही."

वर खरंच काही नव्हतं. पांढरं झालेलं आभाळ, एक घार, तिच्यावर काही नाही. असलं तरी असंच दिसणार. मला माझा संताप आला, की मी माझ्याच घराच्या माडीवर छत्री उघडायला घाबरले; आणि ती दुसरी बाई, ती असेल तर, या वर्षीही बेलाशक उघडत असेल.

आई खाली स्वयंपाकाला गेली. दुपार कलत होती. मी छत्रीच्या सावलीत नाही बसले. तिला लागून, उन्हात बसले, गुडघे पोटाशी घेऊन, माझी सावली तिच्या सावलीच्या शेजारी स्वच्छ पडेल अशी.